मंगळावर वजन कमी असतं

४ मार्च १९७४
तिसगावजवळच्या माळावर टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग सुरू. माळ म्हणजे मंगळ. मी शास्त्रीय सल्लागार. मानधन नाही, पण पडद्यावर नाव येणार. नावाचा मोह आहे का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही. फक्त ‘प्रा. सहादेव गर्जे, एम. एस्सी.’ असं पदवीसकट यावं. दिग्दर्शक कमरुद्दीन यांना लिहूनही दिलं.
संकल्प : विज्ञानात तडजोड नाही.

५ मार्च
हेल्मेटच्या काचेत चेहरा दिसत नाही म्हणून नायक रुसला. मंगळावर श्वास घेण्याजोगी हवा नसते, हे मी समजावलं. कमरुद्दीन म्हणाले, “गर्जेसर, हवा टीव्हीत कुठे दिसते?” काच काढली. ही एकच सवलत.

७ मार्च
मंगळावर जनावर हवं म्हणून गावातल्या लंकाबाईचं गाढव भाड्यानं आणलं! मी राजीनाम्याची भाषा केली. कुणाला ऐकू गेली नाही. गाढव ओरडत होतं. त्याला चुन्याचे पट्टे ओढायला घेतले तशी लंकाबाई कडाडली, “मढीच्या जत्रंत इकायचं हाय मला. पट्ट्यापट्ट्याचं गाढाव कोन घेईल, तुजा बाप?” शेवटी पत्र्याची शिंगं बांधली.
मी गेलो तर इथं विज्ञान कोण सांभाळणार? थांबणं हे कर्तव्य.

९ मार्च, दुपार
गाढव गाढवासारखंच चालतं. मंगळावर वजन पाच हिश्शांतले दोनच हिस्से भरतं, म्हणजे प्रत्येक पाऊल लांब, तरंगतं पडणार. स्वतः करून दाखवलं. सगळे हातातला चहा विसरून बघत राहिले. कमरुद्दीननी तीनदा करायला लावलं. विज्ञान शेवटी पटतंच.

१३ मार्च
गाढव नाही. लंकाबाईनं काल मढीच्या बाजारात विकलं. अर्धे सीन बाकी. कमरुद्दीन तिच्यावर चिडले, तर म्हणाली, “जत्रा काय तुमच्या शूटिंगसाटी थांबती व्हय?”
मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

१४ मार्च
अंगाला गोणपाट, डोक्याला तीच शिंगं. मी ठणकावून अट घातली : चाल शास्त्रीयच राहील. लगेच मान्य! इतकं माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. शिवाय तोंड झाकलेलं. कोण ओळखणार?
लंकाबाई बघायला आली होती. म्हणाली, “गुर्जी, माजं गाढाव जल्मात एवढं पळलं न्हाई.” निर्मळ मनाची बाई.

१५ मार्च
गुडघे. मंगळावर दुखले नसते.

२१ जुलै, पुणे
मेहुण्याकडे टीव्ही आहे. कॉलेजातले दोन सहकारी मुद्दाम नगरहून आणले. जनावर दिसताच पत्नी मनकर्णा म्हणाली, “अहो, हे अगदी तुम्ही भाजीला जाता तसं चालतंय.” शास्त्रीय सल्लागारानं बसवलेली चाल आहे, असं मी सर्वांना समजावलं. नावं शेवटी येतात, तेव्हा कुणी उठू नका, असंही सांगितलं.
कुणी उठलं नाही. नाव आलं.
‘मंगळावरील जनावर : प्रा. सहादेव गर्जे, एम. एस्सी.’
पदवी मात्र अचूक होती.