शिंपीकाकांच्या दुकानातला पेपर

बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी दोन्ही वेळा नीट जेवते, हे आईला आधी वाचून दाखवा, म्हणजे ती पुढचं ऐकेल.

रविवारच्या सभेची बातमी एव्हाना तुम्ही वाचली असेल आणि खाली माझं नाव शोधलं असेल. ती बातमी मीच लिहिली. 'त्या धर्माच्या दुकानांची पायरी चढू नका,' असं एका बड्या पुढाऱ्याने भर सभेत सांगितलं. मी शब्दन् शब्द उतरवून दिला. मग वरून फोन आला आणि संपादक म्हणाले, "अगं, नुसतं 'एक वक्ता' लिही."

"त्यांचं नाव गाळताय, तर माझंही गाळा," मी म्हटलं.

"हट्टी आहेस. घरी कुणावर गेलीस?"

मी तुमचं नाव सांगितलं. नोकरी शाबूत आहे. खोलीचं कुलूप तेवढं नवीन घेतलं, जुनं कुरकुरायचं.

माझं नाव छापून आलं की शिंपीकाका मशीन थांबवून गिऱ्हाइकांना दाखवतात. या वेळी का नाही, ते त्यांना खरं सांगा. भाषण त्यांच्याच लोकांवर होतं, त्यांना कळायला हवं. आणि तुमचा सदरा राहिलाय ना शिवायचा? आजच टाका. माप दुकानाच्या दारात उभं राहून द्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू दे.

तुमचीच हट्टी,
थोरली