बुजवलेली वीट

पुणे, २० एप्रिल २००७

तीर्थरूप बाबा,
मोनालीचा जयभीम. मी बरी आहो, जेवण वेळेवर करतो.

समाजमंदिराच्या मागची ढिली वीट जयंतीच्या रंगरंगोटीत सिमेंटनं कायले बुजवली? मांगं माहा डबा होता. आपण डबा लपवून इंटरनेटवर ठिकाण टाकायचं, अनोळखी लोकायनं येऊन शोधायचं, असा खेळ हाय. दिवाळीत सांगतलं होतं तुमाले.

नागपूरचा एक माणूस दोन घंटे शोधून गेला. त्यानं डब्याच्या इंटरनेटवरल्या पानावर लिहिलं, 'डबा सापडला नाही. पण १९५८ साली डोक्यावर आणलेला ओट्याचा दगड मथुराबाईंनी दाखवला.'

आपल्या आजीनं! त्याच पानावर मी समाजमंदिराचा इतिहास लिहिला, त्यात 'बायांनी दगड वाहिले' एवढंच.

कापूस इकला का, का अजून घरातच हाय? फोनवर तुमी विषय बदलता.

त्या ओट्यावर खेळून मोठी झालो, अन् दगड दिसला पाहुण्याले. वीट राहू द्या आता. आजीचा दगड कोणता, तेवढं तिले विचारून कळवा. मी कधी विचारलंच नाही.

तुमची,
मोनाली