दोघींत एक सिलिंडर

१२ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बाहेरदेशातली बॉक्सिंगची लढत ठरली! आयोजकाचं पत्र आलं, सोबत विमानाचं तिकीटही. गाव इतकं उंचावर आहे की विमानातून उतरल्या उतरल्या लोकांना धाप लागते म्हणे. समोर कोण, तर खाणीवाली. बापाबरोबर खाणीत दगड फोडून मोठी झालेली, डावखुरी. मागच्या पाहुणीचा जबडा तिने असा मोडला की ती बाई अजून नळीने पेज पितेय. आमच्या लॉन्ड्रीच्या मालकिणीने रजा दिली, पण येताना तोंड घेऊन ये, असं बजावलं.

तिकीट लढतीच्या तीन दिवस आधीचं आहे, म्हणजे आरामही होईल. आईला सांगायचं काम तुमचं. ती माझ्यावर चप्पल उगारते, स्वतःच्या धाकट्या भावावर, म्हणजे तुमच्यावर नाही.

मामींना नमस्कार. आहे तेवढी माया असू द्या, वर थोडी घाला.

तुमची,
ठकी

१९ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हरखलो आणि तिकिटाची तारीख बघून डोकं फिरलं. अगं वेडाबाई, तिसरा दिवस हाच तिथला सगळ्यात वाईट! डोकं ठणकतं, झोप लागत नाही, खाल्लेलं ठरत नाही. आयोजक काही दुधखुळा नाही, त्याला तू अर्धमेलीच हवी आहेस. मी चौकशी केली. त्या जबडावालीलाही त्याने तिसऱ्याच दिवशी उभी केली होती.

एक तर तीन आठवडे आधी जाऊन राहायचं, नाही तर सकाळी उतरून संध्याकाळी लढायचं, अंगाला कळायच्या आत. तीन आठवडे तुझी मालकीण सोडणार नाही. तेव्हा आदल्या रात्री डोंगराखालच्या विमानतळावर मुक्काम कर, पोटभर पाणी पी आणि पहाटेचं विमान धर. आयोजक कुरकुरला तर येत नाही म्हण. पोस्टरं लागलीत, झक मारत ऐकेल.

आणि लवकर संपव. पाच फेऱ्यांपुढे तुझ्याकडे हवा उरणार नाही. ती डगमगली की थांबू नकोस. थांबवणं पंचाचं काम, मारणं तुझं.

ताईला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझी कणीक ती तिंबेल, तू तुझी सांभाळ. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझा,
मामा

६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आयोजक आधी गुरगुरला, मग मवाळ झाला. तिकीट बदललं. वजनही त्याच सकाळी घेणार आहेत.

काल सरावात जोडीदारणीचं नाक फुटलं. रक्त थांबेना, तिचा पांढरा बनियन लालभडक झाला. मला वाईट वाटायला हवं होतं ना? मी मात्र हात नीट बसला म्हणून खूश होते. घरी येऊन दोन वेळा जेवले.

पत्र टाका. तुमच्या शिव्यांवाचून सराव अळणी लागतो.

तुमची,
ठकी

२७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मी जिंकले. ही बातमी आनंदाची नाही.

तीन फेऱ्या तुमच्या हिशोबाने झाल्या. चौथीत छातीत कुणी वाळू भरल्यासारखं झालं. तिने मला दोरांवर चेपून बरगड्या कुटल्या. डावी भुवई फाटली, एका डोळ्याने दिसेना. पाचवीत ती बेफिकीर झाली आणि माझा उजवा तिच्या कानशिलावर बसला. तिचे हात खाली आले, मामा. ती उभी होती, पण डोळ्यांत कुणी नव्हतं. मी पंचाकडे पाहिलं. तो नुसता बघत राहिला. लोक मार, मार म्हणून ओरडत होते. मी मारलं. पुन्हा मारलं. किती ते आठवत नाही. ती ताठच्या ताठ मागे पडली, आणि डोकं फळीवर आपटल्याचा आवाज त्या गोंगाटातही मला ऐकू आला.

पुढच्या क्षणी मीही कोसळले. दवाखान्याची गाडी एक, ऑक्सिजनचा सिलिंडर एक आणि आम्ही दोघी. गाडीवाल्याने मास्क थोडा वेळ तिला, थोडा वेळ मला असा धरला. माझी पाळी आली की ती घरघरायची. शेवटी मी तोंड फिरवलं.

तिच्या मेंदूत रक्त साकळलं होतं, कवटी उघडावी लागली. तिच्या आईने दवाखान्याच्या बोळात माझ्या फाटक्या भुवईवरच थप्पड मारली. टाका उसवला. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने ती बाकावर जराशी सरकली. मी बसले.

परतीचं विमान उद्याचं आहे. मला उठवत नाही.

ठकी

५ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

दोन कागद फाडले, हा तिसरा. तू चुकलीस म्हणू की नाही, हे मला ठरवता येत नाही. पंचाने थांबवायला हवं होतं, ही गोष्ट खरी आहे आणि तिचा काही उपयोग नाही.

ताईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला सांग, हवे तेवढे दिवस राहा. मालकिणीशी मी बोलून आलो. तिने तुझी जागा धरून ठेवलीय. भुवईचा टाका पुन्हा घालून घे. आम्ही सगळे तुझेच आहोत, जिंकलीस तरी.

मामा

२२ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

ती शुद्धीवर आली. उजवी बाजू चालते, डावा हात मेल्यासारखा पडून होता. मला ओळखलं तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं. मी रोज जाते. तिची आई आता खुर्ची ओढून देते.

आज डाव्या हाताची बोटं वळली. बराच वेळ धडपडून तिने मूठ केली आणि माझ्याकडे बघून हात उचलायला लागली. तिला ठोसा मारायचा होता, मला कळलं. मी तळहात पुढे धरला. मूठ माझ्यापर्यंत पोचली नाही, चादरीवरच पडली. तिची आई रडायला लागली, आणि ती मात्र चिडून पुन्हा मूठ वळत होती.

मामा, हे कसं करायचं?

ठकी

३१ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तळहात तिच्या मुठीपासून चार बोटांवर धर, त्याहून लांब नको. लागला की हात मागे घेऊ नकोस, किंचित पुढे दाब, म्हणजे आपला ठोसा पोचला हे तिला कळेल. चुकला तर गप्प राहा. लागला तर मोठ्याने म्हण, आणखी एक. दमली की थांब, आणि तिने सांगायच्या आधी थांब.

मामा