एकही रकाना रिकामा नको

१२ जाने. ९४, बुध.
जर्मनीची ऑर्डर मिळणार, तपासणीत पास झालो तर. साहेबांनी बोलावलं. "मॅडम, पर्सोनेल तुमच्याकडे. माणसांना मोटिव्हेट करा." म्हणजे नक्की काय, ते त्यांनाही ठाऊक नाही. एवढं मात्र स्पष्ट: दर तासाला वॉल्व्हचं माप घेऊन वहीत लिहायला जो शिकणार नाही, तो मशीनवर राहणार नाही. गोदामात, नाहीतर घरी.
माझ्या डोळ्यांपुढे एकच नाव. गणपतमामा.

१५, शनि.
पहिला वर्ग, कॅन्टीनमध्ये. अठरा जण. ग.मामा शेवटच्या बाकावर, हाताची घडी. बाळकुमचे कोळी, आमचे सर्वांत जुने टर्नर. अंगठा फिरवून केसाएवढा फरक सांगतात. "बाय, माप तेच येतं नं? मंग रोज रोज कनाला लिवाचा?" सगळे हसले. मी चिडले. उत्तर नव्हतं म्हणून चिडले, दुसरं काय.

२२, शनि.
तीच रड. वह्या अर्ध्या कोऱ्या. घरी हे म्हणाले, "शाळेत चांदणी देतात तसं काहीतरी दे." पन्नाशीच्या माणसांना चांदणी! तरी फळ्यावर लिहिलं: आठवडाभर ज्याच्या वहीत एकही रकाना रिकामा नाही, त्याचं नाव फाटकाशी लागेल.

२९, शनि.
ग.मामांचं नाव लागलं! बायकोला मुद्दाम फाटकापर्यंत आणलं होतं. तिला वाचता येत नाही, बोट ठेवून दाखवलं. अक्षरही सुधारलंय. मला उगाच भरून आलं.

८ फेब्रु., मंगळ.
जर्मन पाहुणा आला. थेट ग.मामांच्या मशीनशी. वही उघडली, पान उलटलं. आज मंगळवार, आणि उद्याचा बुधवार भरलेला. गुरुवारही. शुक्रवारी सुट्टी, म्हणून तो तेवढा कोरा.
मामा ताठ उभे. मला म्हणाले, "शनवारीच समदा भरून ठेवला. रकाना रिकामा रायला नको."
पाहुण्याने वीस वॉल्व्ह स्वतः मोजले. वीसही बरोबर. तरी वही मिटून परत ठेवली.
बाकीच्या वह्या त्याने उघडल्याच नाहीत. नंतर मी पाहिल्या. अकरा तशाच, आधीच भरलेल्या.

९, बुध.
ऑर्डरचं महिनाभराने कळणार. साहेबांना दोष द्यायला माणूस आजच हवा. "खोटी नोंद. गणपतला काढल्याचं पत्र करा, प्रत जर्मनीला पाठवू."
म्हटलं, नियम माझा होता. वही भरा म्हणून सांगितलं, कशासाठी ते कधी सांगितलंच नाही.
"मग तसं लिहून द्या." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१०, गुरु.
दिलं लिहून. अकरा वह्यांचंही लिहिलं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, मामांचं पत्र आणि माझं. "शनिवारी एकावर सही करीन. ज्याचा कागद, तो घरी."
घरी अजून बोलले नाहीये.

१२, शनि.
साहेब यायचेत. सकाळीच ग.मामा दारात. "बाय, या हप्त्याची वही दिलीस नाय."
त्यांना कोणी काही सांगितलेलंच नाही. कोणी म्हणजे मीच सांगायचं होतं.
वही दिली. म्हटलं, मामा, आज फक्त आजचं लिहायचं. माप घेतल्यावरच.
"बरा. आन उद्याचा?"
उद्याचं उद्या, म्हटलं.