रेंज फक्त स्मशानात

१५ जानेवारी २००७, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प पंधरा दिवस उशिरा करतोय, म्हणजे टिकेल. मार्चअखेर फुलटाइम लेक्चरर. नेट पास आहे. पीएचडी नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावर, सबमिट होण्याच्या बेतात (सहा वर्षं). दिवाळीनंतर कॉलेजने तासिका दिल्या नाहीत, त्यामुळे तयारीला वेळही भरपूर. बायकोला, संध्याला (ती शाळेत शिकवते), हे सांगितलेलं नाही. एकदम ऑर्डरच हातात ठेवू. तोवर नेहमीप्रमाणे साडेसातच्या एसटीने मुरबाडला जायचं आणि वाचनालयात बसायचं. एका अर्थी ही स्टडी लीव्हच.

२३ जानेवारी
पहिली फोन मुलाखत. दुसऱ्या राज्यातली नवी युनिव्हर्सिटी. ही मंडळी आधी फोनवर चाळतात, मग बोलावतात. मुरबाड स्टँडवर उभा राहून घेतली. सातवाहनांवर आलो आणि डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा, धसई गाडी फलाटाला लागली आहे. एका मॅडमनी विचारलं, मी गाडीत आहे का. नाही म्हणालो, तेवढ्यात मागून हॉर्न. तरी इम्प्रेशन पडलं असावं. नाव दोनदा विचारून घेतलं.

२९ जानेवारी
घरी रेंज शून्य. गावात पद्धतशीर सर्व्हे केला. शाळेमागे अर्धी दांडी, पाण्याच्या टाकीवर एक (पण चढावं लागतं). तीन दांड्या फक्त ओढ्यापलीकडच्या स्मशानशेडमध्ये. वर पत्रा, बसायला सिमेंटचा कट्टा, समोर सिद्धगड, पूर्ण शांतता. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. जागा उत्तम आहे.

६ फेब्रुवारी, सायं. ५
शेडमधून पहिली मुलाखत. कोट घालून गेलो. फोनवर दिसत नाही, पण आवाजाला वजन येतं. चार आवाज होते. प्रत्येक उत्तरानंतर तिकडे बराच वेळ सामसूम, मग कुणीतरी विचारी, "आर यू देअर?" मी आहे म्हणायचो. शेवटी कळवतो म्हणाले.
राख अजून कोमट होती. हे आधी लक्षात आलं नाही.

१२ फेब्रुवारी
पाड्यावरच्या सोनूबाईने मोळी आणताना मला पाहिलं म्हणे. कोट घातलेला माणूस स्मशानात एकटाच मोठ्याने इंग्रजी बोलतोय. आता भिमाच्या हॉटेलात मी गेलो की बाकड्यावरचे लोक उठून जागा देतात. चहा आधी मला. शिक्षकाला उशिरा का होईना मान मिळतो.
संध्याने विचारलं, कॉलेज चालू असताना चार वाजता गावात कसे. प्रॅक्टिकल्स चालू आहेत म्हणालो. तिने माझा डबा घासायला घेतला. इतिहासाला प्रॅक्टिकल्स नसतात हे नंतर आठवलं.

२० फेब्रुवारी
तिसरी मुलाखत. मुरबाड नक्की कुठे आहे, यातच दहा मिनिटं गेली.
थकवा अजिबात नाही. फक्त एसटीत डोळा लागला, कंडक्टरने तिकीट विचारलं आणि मी त्याला माझा रिसर्च गॅप सांगितला. शिवाय विहिरीवर "आर यू देअर" ऐकू आलं. विहिरीत आवाज घुमतो, त्यात विशेष काही नाही. मागे वळून मात्र पाहिलं.

२७ फेब्रुवारी
सोनूबाई शेडबाहेर येऊन बसली. तिचा नवरा नामा श्रावणात गेला, इथेच जाळला. म्हणाली, "सर, तुमी बोलताय तिकडं, तर आमच्या नामाला इचारा. त्या सकाळी मी त्याला लय बोलले, तो न जेवताच गेला. रागावलाय का, तेवढंच इचारा."
मोबाईल, टॉवर, लहरी, सगळं पंधरा मिनिटं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग इचाराल ना?"

६ मार्च
चौथी मुलाखत. तीच सामसूम, तेच प्रश्न. मधेच मलाच कळेना, मी कोणत्या युनिव्हर्सिटीशी बोलतोय. फोन ठेवल्यावरही पत्र्याखाली कुणीतरी थांबलंय असं वाटत राहिलं. भीती वाटली. हे फक्त इथेच लिहितोय.
सोनूबाई बाहेर होतीच. दर वेळी येते. मी दमलो होतो. सांगितलं, नामा रागावलेला नाही. तिने पदराने तोंड पुसलं, मोळी उचलली, गेली. याला खोटं म्हणत नाहीत, समुपदेशन म्हणतात.

९ मार्च, सकाळ
सोनूबाई गेली. काल जेवून झोपली, उठलीच नाही. भिमा म्हणतो, निरोपासाठीच थांबली होती, सरांनी सोडवलं तिला. वैद्यकीयदृष्ट्या काही संबंध नाही. तरी हे वाक्य दोनदा लिहून पाहिलं.
आज चारला शेवटची मुलाखत. माती साडेतीनला, तिथेच. त्यांना वेळ बदला म्हणून कळवायचं तर रेंजही तिथेच, आणि तिथे लाकडं रचतायत.

१० मार्च, शनिवार
काल फोन बंद करणार होतो. केला नाही.
अग्नी दिला आणि खिशात फोन वाजला. सगळं गाव माझ्याकडे वळलं. पाड्यावरच्या बायकाही आल्या होत्या, त्यांच्यात संध्या. भिमा हात जोडून दोन पावलं मागे सरकला. कट करता आला असता. मी उचलला.
त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सध्या कुठे शिकवता. लाकडं तडतडत होती. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, सोनूबाई काय म्हणते ते ऐकायला. पलीकडून विचारलं, आर यू देअर. या सगळ्यांसमोर पुन्हा खोटं बोलायचं त्राण नव्हतं.
"नो सर. आय ॲम नॉट टीचिंग एनिव्हेअर. सिन्स नोव्हेंबर."
त्यांनी आभार मानले. एक मिनिट चाळीस सेकंद.
भिमाने हळूच विचारलं, "काय बोलली?"
"पोचली म्हणते," मी म्हणालो. "नामा भेटला."
बायका रडायला लागल्या. मीही रडलो. कशासाठी ते सांगता येत नाही.
इंग्रजी कळणारी तिथे एकटी संध्या. ओढ्यापर्यंत पुढे चालत राहिली, मग थांबली. तिला नोव्हेंबरपासून माहीत होतं. मुरबाडला शिक्षकांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.
"तुमी रोज सकाळी निघायचात," ती म्हणाली. "मला पण वाटायचं, निघतायत तोवर नोकरी हाय."
आज सकाळची शाळा. ती एकटीच निघाली. मी दारात उभा होतो.