‘नाही’वरची खूण

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीने. समोर असतास तर आधी कानाखाली दिली असती आणि मग खुशाली विचारली असती. अकरा आठवडे तुझा फोन नाही, आणि मला कळलं कुणाकडून, तर तुझ्याबरोबर काम करणाऱ्या वायरमनच्या बायकोकडून! दुकानात पँट आखूड करून घ्यायला आली आणि सहज बोलून गेली, की तिकडे तू सांभाळायचास त्या लिफ्टचा दोर तुटला, दोन माणसं जबर जखमी झाली आणि पोलिसांनी तुला उचललं. मी तिची पँट दोन इंच जास्तच कापली. अजून नवीन शिवून द्यायची आहे.

दुसऱ्या दिवसापासून शटर अर्धं ओढायचं आणि सरकारी कचेरी गाठायची, हाच माझा धंदा झाला. परदेशात अटकेत असलेल्यांच्या घरच्यांसाठी तिथे खास खिडकी आहे, चार नंबरची. वर ठळक अक्षरात ‘आम्ही आपल्या मदतीसाठी आहोत’. कारकून तुझं नाव कॉम्प्युटरवर बघायचा आणि म्हणायचा, माहिती देता येत नाही. जिवंत आहे का? देता येत नाही. वकील दिलाय का? देता येत नाही. त्यापेक्षा पोपट बरा, तो निदान मिरची तरी मागतो.

आणि माझ्याजवळ तो कागद होता रे! दोर झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा, असं तू लेखी दिलं होतंस, तारखेसह, खाली मुकादमाची पोच. ‘बघ ताई, यांच्या डोक्यात किती उजेड आहे’ म्हणून तूच फोटो पाठवला होतास. मी त्याची प्रत काढून खिडकीतून आत सरकवली. कारकुनाने बाहेर सरकवली. असं तीनदा. तिसऱ्यांदा मी इतका आवाज चढवला की पहारेकरी धावत आला. सरकारला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र उघडंच जाणार आहे.

शुक्रवारी त्या खिडकीत नवीन बाई बसल्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा फॉर्म काढला. म्हणाल्या, अटकेतल्या माणसाला आमचे लोक भेटतात तेव्हा हा भरून घेतात. त्याची मर्जी नसेल तर घरच्यांशी बोलता येत नाही, त्यांचे कागदही घेता येत नाहीत. ‘कुटुंबाला कळवावे का?’ अशी ओळ होती, पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. तुझ्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसतं ‘नाही’वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

गाढवा! सहा आठवडे मी कारकुनाच्या नावाने शंख करतेय, आणि दार आतून लावून घेतलंस तू! त्या कारकुनाचीही माफी मागणार नाही मी. असा फॉर्म असतो एवढं सांगायला त्याची जीभ झडली नसती. आणि नुकत्याच पकडलेल्या, भेदरलेल्या माणसाला एकदा विचारायचं आणि तेच धरून बसायचं, ही कुठली मदत? पण तुझं डोकं कुठे गेलं होतं? माहितीये मला, अण्णांचं हृदय अधू, बापाला धक्का नको. दोन आठवड्यांत सुटू, मग घरी जाऊन हसत सांगू, असं वाटलं असणार. आपल्या घराची खोडच ती. आईच्या वेळी मीही ‘बरी आहे’ म्हणत राहिले, तुझी परीक्षा होती म्हणून. तू आलास तेव्हा सगळं आटपलं होतं. वर्षभर बोलला नाहीस माझ्याशी, आणि बरोबरच केलंस. मग तेच माझ्याशी करताना काहीच कसं वाटलं नाही तुला?

आता हे पत्र कशासाठी ते नीट वाच. वायरमनची बायको म्हणते, महिनाअखेरीला तुझी सुनावणी आहे. घरचं पत्र पोचवायला मनाई नाही, म्हणून तिकडचे आपले सरकारी लोक गुरुवारी तुला भेटतील आणि या पत्राबरोबर नवा फॉर्म देतील. ‘होय’वर खूण कर आणि सही कर. तू सही केलीस की त्याच दिवशी तुझा कागद वकिलाकडे जाईल, असं बाईंनी कबूल केलंय. अण्णांचं निमित्त सांगू नकोस. रविवारी त्यांना सगळं सांगितलं मी, एका हातात त्यांची गोळी धरून. ते कोसळले नाहीत. लपवलं म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली, आणि आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी चार नंबरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या नव्या फॉर्मवर ‘कुणाला कळवावे’ याच्यापुढे त्यांनी आपल्या हाताने स्वतःचं नाव लिहिलंय. अक्षर हललंय, पण वाचता येतं. तुला सांग म्हणाले, की वाईट बातमीने मी मरत नाही, पोराचं काहीच कळेना म्हणून मरत होतो.

तुझ्यावर जाम चिडलेली, तरी तुझीच,
ताई