रिकामी पिशवी परत पाठवतो आहे

रत्नागिरी,
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

सदूचा नमस्कार. भावोजी, पोरं, म्हस सगळी खुशाल असतील. मी बरा आहे. हे लिहायचं नव्हतं, पण हाताला सवय.

तू पिठं भरून पाठवतेस त्याच पिशवीत पत्र घालून पालीच्या गाडीत देतो. ड्रायव्हर ओळखीचा. मी जेट्टीवर बर्फ फोडायचो तेव्हा त्याचा भाऊ तिथे होता. आता ते काम सोडलं, मोबाईलच्या दुकानातलंही सोडलं. स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. एका बंगल्यातला पोपट मला बघून ‘पार्सल, पार्सल’ ओरडतो, म्हातारी आतून म्हणते, गप मेल्या, त्याला श्वास घेऊ दे. ते जाऊ दे.

शिमग्याचं लिहायला बसलो होतो.

बाबा म्हणाले, यंदा आपल्या खळ्यात पालखी आली की पुढचा दांडा सदूने घ्यायचा. त्यांचा खांदा आता उचलत नाही. माझ्यासाठी फेटाही आणलाय, वाडीभर सांगून झालंय. पण मला सुट्टी मिळेलसं वाटत नाही.

मिळते गो. मागितली की मिळते.

दिवाळीनंतर उजव्या अंगठ्याला चप्पल लागली होती. एवढीशी जखम, अजून भरलेली नाही. मोजा ओला व्हायला लागला तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग विचारलं, “घरात कुणाला साखर?”

“नाही. बाबा साठीचे आहेत, अजून कलमांना पाणी घालतात.”

“आणि तू?”

“सत्तावीस.”

“काय खातोस रोज?”

माझ्या तोंडातून निघालं, “कुळथाची पिठी, भात.”

बाईंनी तपासणीचा कागद माझ्याकडे फिरवला. “ही साखर पिठी-भाताची नाही रे.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण एका पायात चप्पल नव्हती.

ताई, तू पाठवतेस ती पिठी मी एकदाही शिजवलेली नाही. खोलीत शेगडी लावायची नाही, ही मालकाची अट. तुला सांगितलं असतं तर तू शेगडी घेऊन आली असतीस, मालकाशी भांडली असतीस. नाचणीच्या पिठाला जाळी धरली, ते गटारात ओतलं. आणि तू फोनवर विचारायचीस, जेवलास का, की मी म्हणायचो, तुझीच पिठी केली. तू ते भावोजींना मोठ्याने सांगायचीस, ते मला ऐकू यायचं.

दुपारभर मी दुसऱ्यांची जेवणं वाहतो. सुटेपर्यंत खानावळीचा भात संपलेला. मग नाक्यावर उघडं काय, तर वडापाव आणि संदेशची चायनीजची गाडी. मी गाडी उभी करायच्या आत तो ओरडतो, “सदूशेठ, ट्रिपल राइस ना? सॉस जास्त!” इथे एवढ्या लोकांत माझी आवड त्यालाच ठाऊक, म्हणून बरंही वाटायचं. त्याचा दोष नाही. तोही तेच खातो. झोप येऊ नये म्हणून थंड पेयाची मोठी बाटली डिकीत असायचीच, पाण्यासारखी प्यायचो.

पालखी अनवाणी नाचवायची असते. डॉक्टरीणबाईंनी उघडा पाय जमिनीला लावायला मनाई केलीय. पाय बरा असता तरी सांगतो, आताशा दुसऱ्या मजल्यावर पार्सल नेताना मी जिन्यात थांबतो आणि मोबाईल बघतोय असं दाखवतो.

बाबांनी नारळ उतरवून, फणस वाहून तो खांदा घालवला. मी बसून, खाऊन पाय घालवायला निघालोय. हे वाडीसमोर कसं सांगू?

पण बाबांनी पुन्हा दांडा घ्यायला नको. फेटा काकांच्या विनीतला द्यावा. मी शिमग्याला पालखीच्या आधी येतो, बाबांना समोर बसून सांगतो. तू आधी काही बोलू नकोस, फक्त तेव्हा चुलीपाशी थांब.

आणि फोनवर विचारायचं सोडू नकोस. आता चार वाजलेत.

नाही गो ताई, जेवलो नाही.

तुझा,
सदू